एकेका तासाची वाटणी

४ जानेवारी, सोमवार

वकीलबाई,

आशीर्वाद पाठवतेय. नको असतील तर पाकिटात घालून परत कर, इथे घेणारे पुष्कळ बसलेत.

अक्षर बघून दचकू नकोस. तुझी आजी या वयात लिहायला शिकलेली नाही. बाराखडीने मला लहानपणीच टाकलं आणि मीही तिची मनधरणी केली नाही. हे अक्षर हेडक्लार्कांचं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर असतात. माझी मूत्रपिंडं साखरेने खाल्ली हे तुला माहीतच आहे. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा मी या दवाखान्यात असते. रक्त बाहेर काढतात, धुतात, परत आत भरतात. खोलीत मशीनं दोनच. एकाला मी, एकाला हेडक्लार्क. दोघांच्याही डाव्या हातात सुया, उजवा मोकळा. माझा उजवा हात लिहीत नाही, आणि त्यांचा बत्तीस वर्षं सरकारी कागद लिहून आता रिकामा राहिला की वळवळतो. म्हणून म्हटलं, लिहा.

ते इतके जाडे आहेत की खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी थोडे थोडे खाली सांडतात.

(लेखनिकाची टीप: सदर वाक्य आजींच्या आग्रहास्तव जसेच्या तसे घेतले आहे.)

दोन वर्षांत तुझं एक पत्र नाही. तू तिकडे वाटणीवर पुस्तक लिहितेयस हे तुझ्या बापाकडून कळलं. थोडं असलेलं पुष्कळांत कसं वाटावं, आणि लोक दुसऱ्याला देतात ते का देतात, असं काहीसं. तुझ्या बापाला कुठून कळलं ते त्याने सांगितलं नाही. तुझं नाव निघालं की तो खिडकीबाहेर बघतो, आणि खिडकीबाहेर समोरच्यांची भिंत आहे.

मागे तू घरी असताना मला समजावत होतीस की देणाऱ्याला आत कुठेतरी ऊब वाटते, म्हणून तो देतो. मी म्हटलं होतं, ऊब हवी तर गोधडी घ्यावी. तू हसली होतीस. ते हसणं खरं होतं की म्हातारीचं मन राखायला, हे विचारायचं राहून गेलं.

आणखी एक. त्या दिवशी जेवताना मी जे बोलले ते चेष्टेत बोलले. तू भरलं ताट टाकून उठलीस आणि थेट परदेशात जाऊन बसलीस. हेडक्लार्क विचारतायत काय बोललात. त्यांना सांगितलं, कागद संपला.

(कागद संपलेला नाही.)

१५ जानेवारी, शुक्रवार

वकीलबाई,

उत्तर नाही. ठीक आहे. वकीलबाई नाव पडण्याइतकी तुझी जीभ लहानपणी चालली, आता विसावा घेत असेल.

आज चेष्टा कमी. तुझ्या बापाची मूत्रपिंडं रक्तदाबाने गेली हे तू इथे असतानाच कळलं होतं. तेव्हापासून तो शहराबाहेरच्या एका दवाखान्यात आठवड्यातून एकदा जायचा. तीनदा लागतं, पण एकदा मिळत होतं. गेल्या आठवड्यात तिथलं मशीन बंद पडलं. सुटा भाग येणार म्हणतात. कधी, ते विचारलं की माणूस चहा प्यायला जातो.

आमच्या इथे जागा हवी तर सिस्टरच्या खणात यादी आहे. पहिला इस्त्रीवाला. दुसरा तुझा बाप. तिसरी दूध केंद्रावरची बाई, तिला दोन लहान मुलं आहेत. आमच्या दिवशी एका मशीनवर तीन पाळ्या, म्हणजे दोन मशीनवर आम्ही सहा जण. त्या सहांतली एक खुर्ची रिकामी झाली की यादीतला पहिला आत. खुर्ची कशी रिकामी होते हे तुला फोड करून सांगायला नको.

मी सिस्टरला विचारलं, "मी यायची बंद झाले तर माझी जागा माझ्या मुलाला द्याल?"

"नाही हो आजी. इस्त्रीवाल्याला. नियम आहे."

"म्हणजे आईने जीव दिला तर तोही यादीप्रमाणे जाणार?"

"काहीतरी बोलू नका. हात हलवू नका, सुई निघेल."

हेडक्लार्क म्हणाले नियम बरोबर आहे. नाहीतर घरोघरी म्हाताऱ्यांना आग्रह सुरू होईल, बसा की आता, किती दिवस जाणार म्हणून. आम्ही दोघं इतके हसलो की मशीनने शिटी मारली.

हसून झाल्यावर मला सुचलं. एक तीळ सात जणांत खातात, मग हे का नाही? आमच्या घरी आठ तोंडं आणि एक पातेलं असायचं. मी वाटायची. माझा नियम तुला पाठ आहे, वाटणाऱ्याने शेवटी घ्यायचं. मग वाटणारा आपोआप नीट वाटतो, कारण उरलेलं त्याच्याच नशिबी येतं. तू म्हणायचीस, आजी, हे माझ्या पुस्तकात आहे. मी म्हणायची, मग पुस्तकाने माझ्याकडून चोरलं.

तर हिशेब ऐक, हेडक्लार्कांनी फॉर्मच्या पाठीवर मांडून दाखवला. एका मशीनवर तिघं, प्रत्येकी चार तास, म्हणजे बारा. तिघांनी एकेक तास सोडला तर चौथ्याला तीन तास मिळतात. सगळे सारखे. दोन मशीनं, म्हणजे दोन माणसं आत येतात. इस्त्रीवाला आणि तुझा बाप. डॉक्टर महिन्यातून एकदा उगवतात, मशीनवाला आणि सिस्टर मनाने चांगले आहेत. जमेल.

(टीप: तिसऱ्या बाईंचे काय, असे मी विचारले. आजी म्हणाल्या, तासाचे आणखी किती तुकडे करायचे. मुद्दा बरोबर आहे. तरी नोंद असावी म्हणून लिहिले.)

२७ जानेवारी, बुधवार

वकीलबाई,

जमलं! तुझा बाप संध्याकाळच्या शेवटच्या पाळीला बसतो. तीन बैठका झाल्या. काल त्याने स्वतः उठून पंख्याचं बटण दाबलं. तुला यात काय विशेष वाटेल. मी बघत बसले.

सहा जणांना गोळा करणं सोपं नव्हतं. शिंपीणबाई पटकन हो म्हणाली, ती कुणालाही हो म्हणते, म्हणून तिचे कपडे कधी वेळेवर मिळत नाहीत. ड्रायव्हर अडला.

"आजी, माझा तास म्हणजे नुसता तास नाही. माझ्या पोरांचा बाप आहे तो."

"आणि माझ्या नातीचा बाप कोण, वेटिंगवाला?"

"तुमचं दुःख कळतं. पण मी का कमी घेऊ? मी नियमाने आलोय."

तेव्हा मी हेडक्लार्कांकडे पाहिलं. ते सगळ्यांत मोठे, सगळ्यांत जुने. ते म्हणाले, "माझा एक तास घ्या." त्यांनी म्हटल्यावर कुणाची टाप होती नाही म्हणायची? ड्रायव्हर म्हणाला, "बरं. पण सगळ्यांचा सारखाच. कुणाचा कमी-जास्त नाही." मी म्हटलं, आजीच्या हातची वाटणी आहे, केस इकडचा तिकडे होणार नाही.

तुझ्या पुस्तकात हे घाल. तुम्ही म्हणता, माणूस आपल्यापुरतं बघतो. इथे सहा माणसांनी न मागता, म्हणजे मी मागितल्यावर, आपल्या रक्तातला तास दिला. एकाने पिशवीभर मोसंबी आणली होती, आम्हाला खायची बंदी आहे, म्हणून सगळ्यांनी नुसती हुंगली. असा दिवस मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

दूध केंद्रावरची बाई परवा विचारायला आली होती. "आजी, माझं काही?" मी म्हटलं, "बघू हं." तिला कळलं. बघू म्हणजे काय हे दुकानात बसणाऱ्या बाईला कळतंच. हसली, पदराने मुलाचं नाक पुसलं आणि गेली.

हेडक्लार्कांचं अक्षर आज जरा लोळतंय, ते क्षमा मागतायत. बोटं सुजलीत. चपलाही घालता येत नाहीत, मुलीच्या नवऱ्याच्या मोठ्या चपला घालून आलेत. मी म्हटलं, जावयाच्या चपला पळवणारा सासरा पहिल्यांदाच पाहिला.

(टीप: किरकोळ बाब आहे. पाणी जरा जास्त प्यायले जात असावे. आजी उगाच लिहायला लावतात.)

८ फेब्रुवारी, सोमवार

वकीलबाई,

हे सिस्टर लिहितेय. तिला वेळ नाही, तेव्हा थोडक्यात.

हेडक्लार्क काल रविवारी गेले. शुक्रवार ते सोमवार मध्ये दोन दिवस कोरडे जातात, त्यात अंगात पाणी भरलं. छातीपर्यंत. मुलगी सांगत होती, पहाटेपासून खुर्चीत बसून होते, आडवं होता येईना. म्हणत होते, सोमवारपर्यंत निभेल.

आज शेजारची खुर्ची रिकामी होती. सिस्टरने तिच्यावर चादर टाकून ठेवली. मी म्हटलं, काढ ती, खुर्ची काही मेलेली नाही. आता सिस्टर रडतेय आणि हेही लिहितेय, वेडी. वरच्यांनी डॉक्टरांना बोलावून घेतलंय. तक्ते तपासताहेत. सिस्टरची नोकरी राहते की जाते बघायचं.

पुढचं नंतर. सिस्टरला बेल आली.

११ फेब्रुवारी, गुरुवार

वकीलबाई,

अक्षर ओळखलंस. हो, त्याचंच. तुझा बाप नको म्हणत होता. मी म्हटलं, जे सांगायचंय ते तुला आणि त्याला दोघांनाही सांगायचंय, एकाच कागदात होऊन जाऊ दे. मध्ये बोलायचं नाही, मी म्हणेन ते लिहायचं, एवढं ठरलंय. तो पलंगावर उशीला टेकून बसलाय. मांडीवर तुझी जुनी पाटीसारखी फळी आहे. पायांकडे मी बघत नाही.

काल बुधवारी डॉक्टर आले. सातही जणांना व्हरांड्यात बोलावलं. हेडक्लार्क गेल्यावर जुने आम्ही पाच, नवे दोन. माझ्याकडे बघून म्हणाले, "ही वाटणी कुणाची?"

मी म्हटलं, "माझी."

"कुणाचं वजन किती, कुणाच्या अंगात किती पाणी साठतं, हे बघितलंत?"

"सगळ्यांचा सारखा तास कापला, डॉक्टर. कुणावर अन्याय नाही केला."

तर ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शेजारच्या टेबलाशी टेकले आणि म्हणाले, "आजी, तुमचं वजन अडतीस किलो. तुम्हाला तीन तास पुरले असते, दोनही कदाचित पुरले असते. त्यांचं होतं एकशे चार. त्यांना चारही कमी पडत होते."

वकीलबाई, तू असतीस तर तिथल्या तिथे हे सांगितलं असतंस. लहानपणी भावंडांत ताटं वाढताना तू भांडायचीस, त्याला भूक जास्त आहे, त्याला जास्त वाढ. मी म्हणायची, गप्प बस, सगळे सारखे. मला वाटायचं, सारखं म्हणजेच नीट. माझे दोन तास कापून त्यांचा एकही कापला नसता तर तेवढंच माप भरलं असतं. पण ड्रायव्हर काय म्हणाला असता? त्यापेक्षा सगळ्यांचा सारखा कापणं सोपं. सारखं कापलं की वाटणाऱ्याला कुणी नाव ठेवत नाही.

आणखी एक, आणि हे तुझ्या बापाला माहीत नाही. लिही रे, थांबू नकोस. एकेक तास का कापला? दीड का नाही? कसरतीने आणखी कापलं असतं तर दूध केंद्रावरची बाईही आत आली असती, धडधाकट नाही पण आली असती. मी हिशेब तिथेच थांबवला, कारण दुसरा नंबर तुझ्या बापाचा होता. तो यादीत तिसरा असता तर मी दीड तास कापला असता. पहिला असता तर एकाच मशीनपुरतं बोलले असते. तू सांगायचीस ना, वाटणाऱ्याला आपला वाटा कुठला ते माहीत नसेल तर वाटणी खरी होते. मला माहीत होता. पहिल्या दिवसापासून माहीत होता. हेडक्लार्कांनाही कळलं होतं. त्यांनी तेव्हा तुला ते लिहूनही ठेवलं, मला वाचून न दाखवता. पत्रं टपालात टाकायची ती सिस्टरच, तिने काल सांगितलं, माझ्या आधीच्या पत्रांत कंसात काय काय असायचं ते.

दूध केंद्रावर आता दुसरीच बाई बसते. मी विचारलं नाही.

पुढे. डॉक्टर म्हणाले, आता एक मिनिट कमी होणार नाही. प्रत्येकाला पूर्ण चार तास, जागा सहा, माणसं सात. "तुम्हीच वाटून घेतलं होतंत ना? मग आता तुम्हीच ठरवा. दहा मिनिटांत मला सहा जण सांगा, नाहीतर मी यादी बघतो."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. का नाही बघणार? वाटणाऱ्याने शेवटी घ्यायचं, हे महिनाभर मीच येता-जाता ऐकवत होते. ड्रायव्हर बघत होता. इस्त्रीवाला बघत होता. शिंपीणबाईने पाहिलं आणि पटकन मान खाली घातली, जशी काही माझी साडी सुटलीय.

मला उठायचं होतं.

नाही. लिहिलंस का ते? खोडू नकोस, राहू दे, आणि खाली लिही की खोटं आहे. मला उठायचं नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, दात गेले, गुडघे गेले, बरोबरीचे सगळे गेले. दिवसाला तीन पेले पाण्याची मुभा. आणि तरी सकाळी त्यातला पहिला घोट घेते ना, तेव्हा जीभ अशी आनंदते की मला लाज वाटते. मला तो घोट हवा आहे. उद्याचाही आणि परवाचाही. एवढंच. दुसरं काही मोठं कारण नाही. मी बाकाची कड धरून बसून राहिले.

तेवढ्यात तुझा बाप भिंतीपासून सुटा झाला. म्हणाला, "डॉक्टर, सहा झाले. यादी बघायला नको." आणि माझी पिशवी उचलून म्हणाला, "आई, चल, रिक्षा थांबलीय."

जिन्यात मी त्याला म्हटलं, "अरे, माझी खुर्ची तू घे."

तो म्हणाला, "राहू दे आई."

आणि मी राहू दिलं.

अनोळखी पाहुणा जेवायला बसला तर आपण त्याला तीनदा म्हणतो, घ्या, अजून घ्या, एवढंसं घ्या. तो नको म्हणतो तरी वाढतो. पोटच्या पोराला मी एकदाच म्हटलं. तोही नको म्हणणार हे मला ठाऊक होतं, म्हणून तर म्हणायची हिंमत झाली. रिक्षात त्याने विचारलं, वारा लागतोय का. मी म्हटलं, हो, लागतोय. त्याने पडदा सोडला.

आता तुझं. बापाला मूत्रपिंड द्यायला तुझी तपासणी जुळली तेव्हा तू एक दिवस विचार करू दे म्हणालीस. एकच दिवस. आणि मी त्या दिवशी वाढता वाढता म्हणाले, "दोन आहेत की तुला, एक दे. एवढा कसला विचार? पुस्तकात देण्यावर पानंच्या पानं, आणि प्रत्यक्षात हात आखडता." आणि हसले. सगळ्यांकडे बघत हसले, म्हणजे तेही हसतील. तुझा बाप हसला नव्हता. तू सव्वीस वर्षांची होतीस. तुझ्या पोटातलं मागताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही. माझी तर नुसती खुर्ची होती.

ती चेष्टा नव्हती. चेष्टा करायची सवय असली की काहीही बोलता येतं आणि वर समोरच्यालाच मन मोठं ठेव म्हणता येतं. त्यावर तू पुस्तक लिही.

तुझ्या बापाला मी विचारलं, तुला तिचा राग आला होता का. तो म्हणाला, "नाही. मी तिला त्याच रात्री सांगितलं होतं, तू जा." तू त्याच्यावर रुसून गेलीस असं मी दोन वर्षं धरून चालले होते. तुम्ही दोघांनी मला का नाही सांगितलं? सांगू नका. मला कळतंय का ते.

आता द्यायला म्हणून येऊ नकोस. डॉक्टर म्हणतात त्याचं हृदय आता ते सोसणार नाही, ती वेळ गेली. नुसती ये. डॉक्टरांनी दिवस मोजून दिले नाहीत. एवढंच म्हणाले, लांब कुणी असेल तर कळवा. लांब तूच आहेस. तुझा बाप हे लिहायला कुरकुरतोय, म्हणतो तिची कामं असतील, कशाला तिला. लिहिलंय की नाही देव जाणे. मला लिहिता येत नाही याची आजवर कधी अडचण वाटली नव्हती.

रात्री त्याला श्वास लागतो. पाठीला तीन उशा देते. चौथी माझी आहे, तीही देते, हसू नकोस.

उद्या शुक्रवार. सात वाजता माझी खुर्ची आहे, पूर्ण चार तासांची. जिना मला एकटीला उतरवत नाही, म्हणून तुझा बापच सोडायला येणार आहे. मला आत बसवेल आणि अकरापर्यंत बाहेरच्या बाकावर थांबेल. मी नको म्हटलेलं नाही.

तुझी आजी